रस्त्याअलीकडचा मुहूर्त

लग्नाचं कार्यालय रस्त्यापलीकडे समोरच दिसत होतं. पण सायकल शर्यतीसाठी रस्ता बंद होता आणि पोलीस कठडा हलवायला तयार नव्हता.

“हे लग्न मी जुळवलंय! या मेल्यांनाही आजचाच मुहूर्त सापडला?” अक्षता मुठीत आवळून सिंधूआत्या कडाडल्या.

“शेवटचा सायकलवाला जाऊ द्या, आजी.”

तेवढ्यात पलीकडच्या कर्ण्यावर ‘शुभमंगल सावधान’ घुमलं. सवयीनं आत्यांचा हात उठला आणि अक्षता थेट शेवटच्या सायकलवाल्याच्या डोक्यावर पडल्या.

धापा टाकत तो थांबला. “आजी, अक्षता तर पडल्या, आता नवरी कुठंय?”

पोलिसानं कठडा सरकवला. “जा आजी, रस्ता मोकळा झाला.”

आत्या जागच्या हलल्या नाहीत. पिशवीतून स्थळांची वही काढत म्हणाल्या, “नवरी मिळेल रे. आधी गोत्र सांग.”