बुरशीचा मका

डुकरीण सारखी माजावर यायची, पण गाभण राहीना. शेवटी ताराचंदनं कन्हानहून ढोरांचा डॉक्टर आणला.

"हिच्यात काही खोट नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घालता त्या मक्याला बुरशी आहे. तिनंच हिच्या माजाचं चक्र बिघडवलं. खाणं बदला."

"आपन उगाच हिले वांझोटी म्हणत होतो, साहेब." ताराचंद डुकरिणीच्या पाठीवरून मायेनं हात फिरवू लागला.

त्याची बायको गोपिका चहा घेऊन आली होती. लग्नापासून तो हात तिच्या पाठीवरून असा कधी फिरला नव्हता. ती जळफळत बघत राहिली. मग डॉक्टरांपुढे कप ठेवत म्हणाली,


"नशीबवान हाय डुकरीण. माह्या वक्ताले डाक्टर नाही बलावला, दुसरी बायको पाहून राहिले."