हिरव्या शाईचं श्री

बढती मिळाली होती. आजपासून ऑफिसात हिरव्या शाईने सही करायची. सकाळीच दूधविनायक गल्लीतल्या आमच्या घरात मी शाईची नवी बाटली उघडली, पेन भरलं आणि रीतीप्रमाणे कोऱ्या कागदावर आधी 'श्री' काढलं. वर टीपकागद दाबला.

उचलला, तर त्यावर 'श्री' सुलट उमटलं होतं.

बायको, मृणालिनी, चहा घेऊन आली. "बघ गं," मी म्हणालो, "हे उलटं उमटायला हवं ना?"

ती हसली. "तुम्हीच काहीतरी गडबड केली असेल. परत लिहा."

मी सही केली, टिपली. टीपकागदावर माझं नाव सरळ वाचता येत होतं. नरहर, शेवटच्या फराट्यासकट.

मृणालिनी आता हसत नव्हती. टीपकागदाकडे बघतही नव्हती.

"अहो, तुम्ही डाव्या हाताने कधीपासून लिहायला लागलात?"

मी खाली पाहिलं. उजवा हात टेबलावर रिकामा पडला होता. पेन डाव्या हातात होतं, जन्मापासून तिथेच असावं इतकं सहज.

"घाबरू नकोस," म्हणत मी पेन ठेवलं आणि छातीवर हात ठेवला.

डावीकडे काहीच लागलं नाही. ठोके उजवीकडे पडत होते.