ओल्या रेझिनवरची रेघ

ताईला द्यायच्या टेबलासाठी फणसाच्या दोन फळ्यांमध्ये प्रणितनं तिसऱ्यांदा रेझिन ओतलं, सुकून काचेसारखं होणारं. पहिल्यांदा बुडबुडे राहिले, दुसऱ्यांदा रेझिन सुकेचना. आणि परवा तर रोह्याला ताईची वास्तुशांत! चहा पिऊन येतो तो काय, टेबलावर बोटानं ओढलेली लांब रेघ आणि शेजारी खुर्चीत त्याचे वडील, दादा.

"पांडुरंगा, आता काय करू मी? दादा, हा काय गणपती हाय, ओल्या मातीवरून बोट फिरवायला?"

"जन्मभर मूर्ती घडवल्या त्यांनी, सवय जात नाय रं," आई म्हणाली. "आधी हात पूस त्यांचा."

रागारागानं फडकं घेऊन त्यानं चिकट बोटं धरली आणि पुसता पुसता थांबला. बोटं उजव्या हाताची होती. शिमग्याला दादांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून तो हात मांडीवर नुसता पडून होता.