निर्व्यसनी

"तुमच्या मुलाला नशेचं व्यसन आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

मनकर्णाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मागच्या बाकावर गीतांजली पुढं सरकून बसली. तुरुंगातल्या व्यसनी कैद्यांचं समुपदेशन हे तिचं काम. अश्विनला 'मला उपचार पाहिजेत' एवढं म्हणायला लावण्यात तिचा अख्खा महिना गेला होता, आणि आत्ताच तो ते न्यायाधीशांसमोर म्हणालाही होता. त्याच्याजवळ सापडलेला माल थोडाच होता. कोर्टाला पटलं तर त्याला अकोल्याच्या तुरुंगाऐवजी अमरावतीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पाठवता येणार होतं. तिथली एक खाट गीतांजलीनं हातापाया पडून शनिवारपर्यंत राखून ठेवायला लावली होती. आता आईनं फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाई साहेब," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्या पोरानं सुपारीचं खांडबी कदी तोंडात नाई घातलं."

"अहो, तो स्वतःच सांगतोय."

"कोनीतरी शिकवलं असन त्याले. साधं लेकरू हाये माहं."

सकाळी गीतांजलीनं तिला दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा तिनं मान हलवली होती. पण आपल्याकडं पोराच्या व्यसनाची चौकशी करतात ते मुलगी द्यायला आलेले लोक, आणि त्यांना द्यायचं उत्तर प्रत्येक आईला तोंडपाठ असतं. चार माणसांत ऐन वेळी तेच बाहेर पडतं. गीतांजलीला तिचा धड रागही आला नाही. नुसता थकवा आला.

घरचेच नाही म्हणतात म्हटल्यावर न्यायाधीशांनी डॉक्टरांचा अहवाल मागवला. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची पडली. म्हणजे खाट गेली.

बाहेर एप्रिलचं ऊन आग ओकत होतं. व्हरांड्यात मनकर्णाबाईचा चेहरा मात्र फुलला होता.

"पाह्यलं मॅडम? वाघावानी बोलली मी! आता सोडतीन ना त्याले?"

काय सांगावं याची गीतांजली जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात दोन पोलीस अश्विनला घेऊन बाहेर आले. महिनाभर धड झोप नसलेले त्याचे डोळे खोल गेले होते. आईनं पुढं होऊन त्याचा हात धरला. हात थरथरत होता.

"थंडी वाजून राहिली का रे?"

"हो, माय."

"चाला, चाला," पोलीस म्हणाला.

गीतांजलीजवळून जाताना अश्विन जरासा थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "तिले काई सांगू नका, मॅडम. लय दिवसानं हासून राहिली."

गाडीचं दार लागलं. गाडी फाटकाबाहेर गेली तरी मनकर्णाबाई हात हलवत होती. मग ती वळली.

"काय म्हने तुमाले?"

गीतांजलीनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. खरं सांगायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवं होतं, आणि तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका म्हणाला."

मनकर्णाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"पाहा बरं," ती म्हणाली. "अशा लेकराले व्यसन असते का?"