मावशीचा तास

दुपारचं ऊन वर्गाच्या फरशीवर सांडलं होतं आणि मास्तर कितीतरी वर्षांनी विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले होते. गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

मोठ्या माणसांना इंग्रजीतून विज्ञान शिकवणाऱ्यांचं हे प्रशिक्षण. मास्तरांच्या वर्गातल्या, परमुलखातून आलेल्या अकरा कामगारांना इंग्रजी जेमतेम यायचं, आणि दवाखान्यातल्या मदतनिसाच्या परीक्षेत अकराही नापास झाले होते. आज तेही मागच्या बाकांवर येऊन बसले होते. वर्ग मास्तरांकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, ते प्रशिक्षक बाई आज ठरवणार होत्या. मास्तरांचं म्हणणं, आपण काही कसर ठेवली नाही. प्रत्येक वाक्यानंतर समजलं का विचारलं, सगळ्यांनी माना हलवल्या. आणखी काय करायचं माणसाने?

बाईंनी वाद घातला नाही. दहा मिनिटं अदलाबदल करू, एवढंच म्हणाल्या. अकरांपैकीच एक, दवाखान्याच्या धुलाईघरातली मावशी, त्यांनी फळ्यापाशी उभी केली. हृदयाचा धडा, पण मावशीच्या मुलखाच्या भाषेत.

मावशी बोलू लागली. लांबून पाण्याचा आवाज यावा तसे शब्द, एक कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, पत्ता नाही. तीस वर्षं शिकवलेलं हृदय, पण ती डावं सांगते की उजवं, तेही कळेना. पंखा फिरत होता. उन्हात खडूची धूळ तरंगत होती. मास्तर बाकासकट हळूहळू कुठेतरी वाहत चालले.

मग पाणी थांबलं. मावशीने भुवया उंचावून काहीतरी विचारलं. सगळे मास्तरांकडे बघत होते.

मास्तरांची मान नंदीबैलासारखी हलली.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मावशी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मास्तर, मी विचारलं, माझं नाव काय?"

मास्तरांचे कान तापले.

"आम्हीपण असंच करतो," ती हळूच म्हणाली. "तुमचं तोंड उतरू नये म्हणून."

आता तोच धडा शिकवायची पाळी मास्तरांची होती. ते फळ्यापाशी गेले. खडू उचलला, बराच वेळ बोटांत फिरवला आणि मावशीलाच परत दिला. रक्त कुठून निघतं, कुठे जातं, तुम्हाला वाटतं तसं काढा, म्हणाले. चुकलं तर चुकू दे.

मावशीने धुलाईघर काढलं. मधे भिंत. उजव्या दाराने मळक्या चादरी येतात, डाव्या दाराने धुतलेल्या बाहेर पडतात आणि वाटेवाटेने खाटांपर्यंत पोचतात. मग तिचा हात थांबला. ती मागे वळली.

"पण मास्तर, धुणं कुठे होतं?"

तीन महिन्यांत त्या वर्गात कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न.

मास्तर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरचा हमाल छातीवर हात ठेवून, मोठा श्वास घेऊन दाखवत उठला, त्याच्या पाठोपाठ आणखी दोघे. खडू या हातातून त्या हातात गेला. फळा संपला तशी रक्ताच्या वाटेची रेघ चौकटीवरून भिंतीवर उतरली, आणि तिला अडवायचं बाईंच्याही लक्षात आलं नाही.