सगुणाची साक्ष

पाळकसाहेबांनी माइक पुढे केला, तशी सगुणाने सवयीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो, म्हणजे ब्रदर शांतवन, पहिल्या रांगेत पांढऱ्याशुभ्र शर्टात बसले होते, मांडीवर बायबल. बाहेरगावचे पाहुणे आले की प्रार्थनाभवनात सगुणाची साक्ष ठरलेलीच असे: दारुडा नवरा प्रभूला शरण जाऊन तारणात आला आणि घराचं सोनं झालं. चौदा वर्षं ती हेच सांगत आली होती.

तेवढ्यात पाळकीणबाई लगबगीने जवळ आल्या. सगुणाच्या दंडावरचा काळानिळा वळ त्यांनी पाहिला, पदर ओढून तो नीट झाकला आणि हळूच म्हणाल्या, “पाहुणे आहेत, ताई.”

कशाने झालं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“प्रभूने यांची दारू सोडवली,” ती माइकमध्ये म्हणाली.

“हालेलुया!” मंडळी गरजली. साक्ष देणारा जिथे थांबेल तिथे हालेलुया म्हणायचं, ही इथली रीतच होती.

“आधी पिऊन मारायचे, आणि सकाळी पाय धरून माफी मागायचे.”

“हालेलुया!” इथपर्यंत साक्ष नेहमीचीच होती.

“आता शुद्धीत मारतात,” सगुणा म्हणाली, “आणि माफी मला मागायला लावतात.”

एवढं बोलून ती श्वास घ्यायला थांबली. मंडळी शांतवनांकडे पाहू लागली. मग पहिल्या रांगेतून शांतवन हात उंचावून ओरडले, “हालेलुया!” आणि रीतीप्रमाणे सगळी मंडळी त्यांच्यामागून गरजली.