गावाचे पॉइंट

सभा उठत नव्हती, कारण लोकेश 'हो' म्हणत नव्हता. गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सभाघरापुढे, सकाळपासून अख्खं गाव बसलं होतं. या गावात मतदान नसतं. एकाचा जरी नकार असला तरी ठराव होत नाही, आणि ठराव होईस्तोवर कोणी घरी जात नाही. दुपार कलली, चुली थंड होत्या आणि सगळे लोकेशच्या तोंडाकडे बघत होते.

भांडण पॉइंटचं होतं. लोकेशने आपल्या पिकअप गाडीचे हप्ते वेळेवर फेडले म्हणून बँकेने त्याला क्रेडिट कार्ड दिलं होतं. तेव्हापासून गडचिरोलीहून कोणाला काहीही आणायचं असो, खत, टिनाचे पत्रे, लग्नाच्या साड्या, तो म्हणायचा, पैसे माझ्याजवळ द्या, मी कार्डावर आणतो. सामान घरपोच येत होतं, लोकांना आणखी काय पाहिजे? कार्डावर पॉइंट साठत गेले. दिवाळीत बँकेतल्या बाईंचा फोन आला, तुमचं कार्ड आता गोल्ड झालं सर. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सर म्हटलं आणि गडी हुरळून गेला. त्याने गावभर सांगितलं. पॉइंटवर नागपूर ते हैदराबाद विमानाचं तिकीट मिळणार, तेही खिडकीजवळचं, हेसुद्धा सांगून बसला. विमानाचं त्याला लहानपणापासून वेड. दुपारचं विमान डोक्यावरून गेलं की तिशी उलटलेला हा बाप्या अजूनही गाडी थांबवून वर बघायचा.

सभेच्या अध्यक्ष सुकरीबाई. त्यांनी साधा प्रश्न काढला. तेंदूपानं सगळे तोडतात, विकते सभा, आणि बोनस सगळ्यांना मिळतो. मग पैसे सगळ्यांचे असताना पॉइंट एकट्याचे कसे?

लोकेशने हुकमाचा एक्का काढला. गडचिरोलीचे दुकानदार वामनराव कार्ड घासलं की शेकड्यामागे दोन रुपये जास्त घेतात. ते त्याने दर वेळी स्वतःच्या खिशातून भरले होते आणि कोणाजवळ बोलला नव्हता. पावत्यांची पिशवीच त्याने सभेपुढे रिकामी केली. आता सगळ्यांची तोंडं बंद होतील असं त्याला वाटलं, आणि झालीही. सुकरीबाईंनी शांतपणे पावत्यांची बेरीज करायला लावली, सभेच्या पेटीतून पाच हजार दोनशे रुपये काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. लोकेशचा खर्च फिटला. पॉइंट पुरते गावाचे झाले. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. त्या पैशात तिकीट विकत मिळालं असतं, पण हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, लोकेशच्याही नाही.

मग जायचं कोणी? वरच्या नाल्यावरून शेजारच्या गावाशी जंगलाच्या हद्दीचा जुना वाद होता. नाला नेमका निघतो कुठून, ते दाट झाडीत कोणाला धड सापडत नव्हतं. विमान रोज डोक्यावरून जातंच, तर एकदा वरून बघून घ्यावं, असं निघालं. ते विमान हैदराबादचंच असतं का, हे लोकेशलाही माहीत नव्हतं. जंगलातला नाला न् नाला ओळखणारा माणूस गावात एकच, पंचाहत्तरीचा झिंगू आजा. सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. लोकेशने तेवढं घेतलं नाही.

"तुले नाई म्हणाचं असन तं म्हण, बाबू," झिंगू आजा म्हणाला. "कोनी रागावनार नाई. आमी उद्याबी बसू."

भुकेजलेली पोरं आयांच्या मांडीवर पेंगत होती. लोकेशला रडू फुटायच्या बेतात होतं. तो 'हो' म्हणाला.

तिकीट त्यानेच काढलं. आजाला पिकअपमधून नागपूरला त्यानेच नेलं. पट्टा कसा लावायचा आणि कसा सोडायचा, याची तालीम वाटेत गाडीच्या पट्ट्यावर करून घेतली. विमानतळाच्या दारापुढे बिनतिकिटाला सोडत नाहीत, म्हणून तो बाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. विमान उडालं. ते दिसेनासं होईस्तोवर तो बघत होता आणि मग एकटाच परत निघाला. हैदराबादला मजुरीला गेलेल्या गावच्या पोरांनी आजाला बल्लारशाच्या रेल्वेत बसवून दिलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सभा बसली. झिंगू आजाने सगळं सांगितलं. कान कसे बंद झाले, पाणी देणारी पोरगी किती गोड बोलली, पंख किती लांब होता. सुकरीबाईंनी मुद्द्याचं विचारलं, नाला कुठून निघतो?

"ढग होते," आजा म्हणाला. "खाली नुसते ढग. नाला नाई, जंगल नाई, काईच नाई दिसलं. माहे डोळेबी आता म्हातारे झाले. एकडाव जवान डोळ्याचा मानूस पाठवा लागते. लोकेशले पाठवा."

लोकेशने मान वर केली. आजा त्याच्याकडे बघतच नव्हता, विडी शोधत होता.

सुकरीबाईंनी ठराव सांगितला. औंदाही सगळ्यांची खरेदी लोकेशच्या कार्डावर व्हावी, वामनरावांचे शेकडा दोन रुपये सभेच्या पेटीतून द्यावेत आणि पुढचं तिकीट लोकेशच्या नावाने काढावं. कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं म्हणून त्या थांबल्या.

पौष महिना होता. धानाची चुरणी चालू होती आणि पंधरा दिवसांपासून अख्खं गाव खळ्यावर उघड्या आभाळाखाली होतं. एवढ्या दिवसांत एकानेही ढगाचा ठिपका पाहिला नव्हता.

एकानेही हरकत घेतली नाही.